सोफा उलटा करून बघा

आजचा विषय ऐकून हसू येईल कदाचित. आज आपण सोफ्याबद्दल बोलणार आहोत. हो, हॉलमधला तोच सोफा, ज्यावर आडवं होऊन तुमच्यातले बरेच जण आत्ता हा एपिसोड ऐकतायत.

"सोफाच कामून?" असं मला एका मित्रानं विचारलं. सांगतो. पंधरा हजारांचा मोबाईल घ्यायचा असला की आपण प्रोसेसर बघतो, रॅम बघतो, बॅटरी बघतो, दहा रिव्ह्यू बघतो. आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीचा सोफा घेताना? रंग बघतो, एकदा बसून बघतो, "मऊ आहे" म्हणतो आणि ईएमआय चालू करतो. आत काय आहे हे विचारायचं असतं, हेच आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरं कारण जरा जास्त गंभीर आहे. आपल्या लातूर-नांदेडकडं सोफा ही नुसती बसायची वस्तू नाही. मुलीच्या लग्नात जे सामान टेम्पोतून जातं, त्यात कपाट, पलंग आणि सोफासेट असतो. ते द्यावं की नाही, हा वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यावर स्वतंत्र बोलू. पण आज घडीला ते जातं, आणि बऱ्याच घरांत सोयाबीनच्या पैशातून जातं. म्हणून त्या सोफ्याच्या आत काय भरलंय, याला महत्त्व आहे.

मी काही फर्निचरवाला नाही, सॉफ्टवेअरचा माणूस. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट शिकवतात: स्क्रीनवर दिसतं ते फ्रंटएंड, खरं काम करतं ते बॅकएंड. सोफ्याचंही तसंच आहे. कापड हे फ्रंटएंड. त्याच्या आत तीन गोष्टी असतात: सांगाडा, ताण धरणारे पट्टे आणि फोम, आणि हे सगळं जोडणारा हात. म्हणजे थोडं आर्किटेक्चर, थोडं मटेरियल आणि थोडी कारागिरी. एकेक बघू.

सांगाडा: म्हणजे छोटं घरच

सोफ्याचा सांगाडा म्हणजे एक छोटी इमारत. त्याला खांब आहेत, तुळया आहेत, वरून येणारं वजन आहे. घर बांधताना जे नियम लागतात, तेच इथं लागतात.

पहिला नियम लांबीचा. एखाद्या फळीला दोन्ही टोकांना आधार दिला आणि मधोमध वजन ठेवलं, तर ती वाकते. आता तीच फळी दुप्पट लांब घेतली, तर ती किती वाकेल? दुप्पट नाही, आठपट. म्हणून तीन जणांच्या सोफ्याला मध्ये पाय नसेल, तर मधला माणूस हळूहळू खाली जायला लागतो. त्याचा दोष नाही, गणिताचा आहे. यातली चांगली गोष्ट अशी की फळीची उभी उंची दुप्पट केली, तर वाकणं आठपट कमी होतं. म्हणून फळी आडवी टाकण्यापेक्षा उभी लावायची. गावातल्या सुतारालाही हे माहीत असतं, फक्त तो सूत्र लिहून दाखवत नाही.

दुसरा नियम कोपऱ्याचा. घरी प्रयोग करून बघा. कुल्फीच्या चार काड्यांचा चौकोन करा आणि कोपऱ्यात टाचण्या लावा. हातानं ढकला, चौकोन लगेच तिरपा होतो. आता एका कोपऱ्यात तिरपी काडी लावून त्रिकोण करा. हलत नाही. सोफ्याच्या चांगल्या सांगाड्यात प्रत्येक कोपऱ्यात एक तिकोनी ठोकळा असतो, फेविकॉल आणि स्क्रूनं बसवलेला. स्वस्त सोफ्यात तिथं दोन पिना मारलेल्या असतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

इथं एक गोष्ट आदरानं सांगतो, कारण आपल्या भागानं ती फार मोठी किंमत देऊन शिकली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली. पडलेली बहुतेक घरं दगड-मातीची होती, जाडजूड भिंतींची, वर माळवदाचं ओझं असलेली. भिंत जाड होती, पण तिचा बाहेरचा थर आणि आतला थर एकमेकांना बांधलेले नव्हते. हादरा बसल्यावर थर सुटे झाले आणि छत खाली आलं. नंतर इंजिनियर लोकांनी सांगितलं की भिंतीत आरपार जाणारे दगड घाला, आणि दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा घाला. सोफ्याची आणि त्या दुःखाची तुलना होऊच शकत नाही. पण धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. जाडी म्हणजे मजबुती नाही, जोड म्हणजे मजबुती. शोरूममध्ये जाड हातांचा, भारदस्त सोफा दिसला की हे आठवा.

बाज, टायर आणि आयटीवाल्यांची खुर्ची

आता दुसरा भाग: ताण. आपण बसतो ते फोमवर, असं आपल्याला वाटतं. पण फोमच्या खाली काहीतरी असतं, जे वजन झेलतं. नागमोडी स्प्रिंग असते किंवा रबर विणलेले रुंद पट्टे असतात. हे पट्टे आडवे-उभे एकमेकांतून काढून ताणून ठोकलेले असतात. वर्णन ओळखीचं वाटतंय का? बरोबर, ही तर आपली बाज!

बाज ही इंजिनियरिंगची फार हुशार वस्तू आहे. चार पाय, चार दांडे. पायाला भोक पाडून दांडा आत ठोकलेला, त्यावर सुतळी, काथ्या किंवा नवार विणलेली. आता गंमत बघा. दोरी ताणली की ती समोरासमोरचे दांडे एकमेकांकडं ओढते, आणि त्या ओढीनंच सांगाडा पायांच्या भोकांत आणखी घट्ट बसतो. म्हणजे जी दोरी तुमचं वजन झेलते, तीच जोडही आवळते. बाज सैल झाली की पायथ्याकडची दोरी पुन्हा ओढायची, बास. ना दुकान, ना वॉरंटी कार्ड. आणि मे महिन्यात नांदेडचा पारा चाळीसच्या वर गेलेला असताना बाजेवर खालून हवा लागते, ती वेगळीच.

चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी मोरोक्कोहून भारतात आला होता. आपल्या मराठवाड्यातल्या दौलताबादलाही तो येऊन गेला. त्यानं प्रवासवर्णनात इथल्या हलक्या खाटांचं कौतुक केलंय: चार पाय, चार दांडे, वर विणलेल्या पट्ट्या, आणि तीच अंगाला पुरेशी लवचिक, वेगळं काही घालायची गरज नाही. म्हणजे ज्याला आज जाहिरातीत सस्पेन्शन म्हणतात, ते त्यानं सातशे वर्षांपूर्वी आपल्या खाटेत बघितलं होतं.

इथून थेट इटलीला जाऊ, कारण आजच्या सोफ्याचं आतलं रूप बऱ्याच अंशी तिथं घडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर टायर बनवणाऱ्या पिरेली कंपनीकडं दोन गोष्टी होत्या: रबराचा फोम आणि रबराचे मजबूत लवचिक पट्टे. याचं फर्निचर होईल का, हे शोधायचं काम त्यांनी मिलानच्या एका आर्किटेक्टला दिलं. त्याचं नाव मार्को झानुसो. तोपर्यंत तिथल्या चांगल्या सोफ्यात लोखंडी गोल स्प्रिंगा आणि घोड्याचे केस भरत, आणि एकेक तयार व्हायला खूप वेळ जाई. झानुसोनं स्प्रिंगांच्या जागी ताणलेले रबरी पट्टे लावले, वर कमी-जास्त घनतेचा फोम घातला, आणि बैठक, पाठ, हात वेगवेगळे तयार करून शेवटी जोडले. १९५१ मध्ये आलेल्या त्याच्या 'लेडी' नावाच्या आरामखुर्चीला मिलानच्या त्रिएनाले प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. कंपनी टायरची, डोकं आर्किटेक्टचं, शिलाई कारागिराची. आणि सगळ्याच्या मुळाशी जी कल्पना आहे, ती बाजेची: चौकट घ्या, तिच्यावर पट्टे ताणा, ताणावर बसा.

अजून एक उदाहरण, आपल्या आयटीवाल्यांसाठी. ऑफिसात जाळीची खुर्ची असते ना? त्या प्रकाराला जगभर नाव मिळवून दिलं 'एरॉन' खुर्चीनं. १९९४ मध्ये अमेरिकेच्या हर्मन मिलर कंपनीनं ती आणली, डिझाइन बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांचं. त्यांनी बैठकीतून फोम काढूनच टाकला आणि चौकटीवर जाळी ताणली. घाम येत नाही, वजन सारखं वाटलं जातं. पुण्यात-हैदराबादेत आपली पोरं ज्या खुर्चीवर कोड लिहितात, ती चाकं लावलेली बाज आहे, असं मी म्हटलं तर फार चुकणार नाही.

फोमचं वजन करा

तिसरी गोष्ट फोम. इथंच जास्त गोंधळ होतो. आपण फोम दाबून बघतो आणि कडक लागला की टिकाऊ समजतो. पण कडकपणा आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडकपणा रसायनांच्या मिश्रणातून कमी-जास्त करता येतो. टिकाऊपणा बराचसा घनतेवर असतो, म्हणजे एक घनमीटर फोममध्ये किती किलो माल आहे यावर. दुकानदार "३२ डेन्सिटी" किंवा "४० डेन्सिटी" म्हणतो, ती हीच.

आता ही डेन्सिटी खरी की खोटी, हे घरी तपासता येतं. दोन फूट बाय दोन फूट, पाच इंच जाडीची गादी घ्या. तिचं आकारमान साधारण ०.०४७ घनमीटर. ३२ डेन्सिटी असेल तर नुसत्या फोमचं वजन दीड किलोच्या आसपास यायला हवं. ४० असेल तर १ किलो ९०० ग्रॅमच्या जवळ. आणि वजन ८५० ग्रॅमच भरलं, तर तो १८ डेन्सिटीचा फोम आहे, मग बिलावर काहीही लिहिलेलं असो. चेन उघडा, फोम बाहेर काढा, किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. एवढंच.

एक सावधगिरी मात्र घ्या. वजन वाढवायला काही फोममध्ये खडूसारखी भुकटी मिसळतात. म्हणून वजनाबरोबर हेही बघा: मुठीत दाबून सोडला की फोम लगेच मूळ जागी येतो का, आणि चोळल्यावर बोटाला भुकटी लागते का.

कापडाबद्दल थोडक्यात. लेदरसारखं दिसणारं स्वस्त रेक्झिन म्हणजे कापडावर प्लॅस्टिकचा थर. घाम, उष्णता आणि दमट हवा यांनी काही प्रकारचा थर सुटतो आणि पापुद्रे निघायला लागतात. आपल्या उन्हाळ्यात ते अंगालाही चिकटतं. त्यापेक्षा चेन असलेलं, काढून धुता येणारं जाड सुती किंवा मिश्र कापड बरं.

मामूनं सोफा उलटा केला

आता एक घरातली गोष्ट. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात काकांनी सोफासेट दिला. दोन वर्षांत मधली जागा खचली. तुम्ही म्हणाल, खचला तर खचला. पण ताईच्या सासरी पाहुणे आले की कुणीतरी हसत-हसत म्हणायचं, "हा माहेरचा सोफा बरं का, सांभाळून बसा." ताई काही बोलायची नाही. दुकानात पिना मारणाऱ्यानं वाचवलेले चार पैसे, पण त्याची किंमत ती भरत होती. दुकानदार म्हणाला, वॉरंटी फक्त कापडाची होती.

शेवटी तो सोफा टेम्पोत घालून नांदेडला एका सोफा कारागिराकडं नेला. वयस्कर माणूस, सगळे त्यांना मामू म्हणतात. वडील गाद्या भरायचे, त्यांच्याकडून हात आला. मामूंनी सोफ्यावर बसून बघितलंसुद्धा नाही. सरळ उलटा केला आणि खालचं काळं कापड फाडलं. आत पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड, कोपऱ्यात ठोकळा नाही, नुसत्या पिना. पट्टे एकाच दिशेनं लावलेले, तेही हातभर अंतरावर. त्यावर पोत्याचं कापड आणि चिकटवलेले फोमचे तुकडे.

मामू म्हणाले, "कपडा सब हात लगाके देखते, भैय्या. उल्टा करके कोई नै देखता."

पुढचे दोन दिवस मी जमेल तेव्हा तिथं जाऊन बसलो. मामूंनी कोपऱ्यात ठोकळे बसवले, मध्ये एक पाय दिला. पट्टा एका टोकाला ठोकायचा, दुसऱ्या टोकाला छोट्या फळीवर गुंडाळून ओढायचा, आणि मग बोटानं टिचकी मारून ऐकायचं. आवाज बद्द आला की अजून ओढ. पट्टे एकाखालून एकावरून, अगदी बाजेसारखे. किती ताण पुरे, हे कशानं कळतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "हात को मालूम." कापड तेच जुनं परत चढवलं. नव्या सोफ्याच्या निम्म्याहून कमी पैशात सोफा उभा राहिला, आणि आता तो ताईच्या घरात व्यवस्थित आहे.

मला त्या दिवशी वाईट एकाच गोष्टीचं वाटलं. मामूंची मजुरी सांगितली तेव्हा आमच्यातलाच एक जण म्हणाला, "एवढे कशाचे? पट्टेच तर मारले." ब्रँडेड सोफ्याच्या बिलात आपण शोरूमच्या एसीचे पैसे न बोलता देतो. आणि ज्याच्या हाताला ताण कळतो, त्याच्याशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो.

उघडता येईल असा सोफा

मग चांगला सोफा कोणता? माझं उत्तर सोपं आहे: जो उघडता येतो तो. नामांकित डिझायनरही हेच करत आलेत. १९२८ मध्ये ल कॉर्बुझिए, पिएर जाँनरे आणि शार्लोत पेरियाँ यांनी एक आरामखुर्ची केली. तिची लोखंडी नळ्यांची चौकट बाहेर दिसते आणि गाद्या त्यात टोपलीत ठेवाव्यात तशा ठेवलेल्या असतात. खराब झाली तर फक्त गादी बदला. मारिओ बेलिनी या आर्किटेक्टनं १९७० मध्ये 'कमालिओंडा' सोफा केला. त्याचे भाग हूक, केबल आणि कड्यांनी जोडलेले. पाहिजे तेव्हा सोडवा, घर बदललं की वेगळे मांडा. आणि हेच जाँनरे पुढं चंदीगडला आले, तेव्हा त्यांनी सरकारी ऑफिसांसाठी सागवान आणि वेताच्या विणीच्या खुर्च्या केल्या. कारण इथली हवा गरम आणि इथल्या कारागिरांना वेत विणता येतो. पुढं त्या खुर्च्या भंगारात निघाल्या आणि परदेशात लिलावात लाखो रुपयांना गेल्या. विणणाऱ्यांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

आपल्याकडं काय नाही, सांगा? किनवट-माहूरकडं सागाचं जंगल आहे. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या लोदग्याला पाशा पटेल यांच्या पुढाकारानं बांबूचं काम उभं राहिलंय. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर वाढवलेला बांबू कायद्याच्या 'झाड' या व्याख्येतून निघाला, त्यामुळं शेतकऱ्याला तो तोडणं आणि नेणं सोपं झालं. बांबू ताणाला चांगला, वजनाला हलका. कापूस आपला, नवार आपली, पट्टा ओढणारा हात आपला.

म्हणजे सागाची किंवा बांबूची स्क्रूनं सुटणारी चौकट, त्यावर ताणता येणारी नवार, वर पातळ पण खऱ्या डेन्सिटीची गादी, आणि सुती कव्हर. खालून हवा खेळेल. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं कव्हरही असं हवं की एका बादलीत धुऊन निघेल. हा मराठवाड्याचा सोफा कुणीतरी करायला हवा. डिझाइन शिकणारं कुणी ऐकत असेल, तर मामूंसारख्या माणसाशेजारी आठवडाभर बसा आणि मग लॅपटॉप उघडा.

तोपर्यंत दुकानात गेलात की चार गोष्टी करा. एक, पुढचा एक कोपरा वीतभर उचला. शेजारचा पायही लवकर उचलला गेला तर सांगाडा घट्ट. तो जमिनीलाच चिकटून राहिला तर सांगाडा पिळवटतोय. दोन, चेन उघडून फोम बघा आणि डेन्सिटी बिलावर लिहून घ्या. तीन, विचारा: सांगाड्याची वॉरंटी किती, फक्त कापडाची नाही. चार, दुकानदाराला म्हणा, "जरा उलटा करून दाखवा." तो तयार झाला नाही, तर उत्तर मिळालंच.

आणि घरात जुना सोफा खचला असेल, तर नवा घेण्याआधी गावातला कारागीर शोधा. काम झालं की त्यांचं नाव आणि नंबर त्यांच्या परवानगीनं फॅमिली ग्रुपवर टाका, मजुरी न घासता द्या. रिव्ह्यू फक्त मोबाईललाच द्यायचे असतात, असं थोडंच आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या, आणि सांभाळून बसा!